द्राक्षं आंबटच हवीत

निफाड तालुक्यात वाढलेल्या माणसाला द्राक्षाबद्दल नव्यानं शिकण्यासारखं काही उरलेलं नसतं, असा निदान आमच्या घरातला समज. बाग थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षाची. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मधले सगळे दिवस केवडा आणि भुरी या रोगांच्या धास्तीत, आणि फेब्रुवारी उजाडला की बांधावर व्यापारी. त्याच्या हातात साखर मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर रस पिळायचा, डोळ्याला लावून आकडा वाचायचा. अठरा ब्रिक्स भरली तर बोलणी पुढं सरकायची, मणी आंबट लागला तर भाव पाडायला तेवढं कारण पुरे. आंबट म्हणजे कच्चं, आंबट म्हणजे तोटा. हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की न्यू जर्सीत येऊन वाइन प्यायला लागल्यावरही माझी पसंती आपसूक गोडसर, भरदार, कॅलिफोर्नियाच्या बाटल्यांकडे जायची.

फिंगर लेक्सच्या वाइन क्लबचं सदस्यत्व घेतलं ते ऑफिसातल्या एका मित्रामुळे. दर महिन्याला तीन बाटल्या, तिन्ही न्यूयॉर्क राज्याच्या त्याच एका थंड पट्ट्यातल्या. इतर क्लब महिन्याला सगळं जग फिरवून आणतात, एक स्पेनची, एक चिलीची, एक कॅलिफोर्नियातल्या नापाची. त्यात मजा असते, पण हाती काही लागत नाही. एकाच भागातल्या तीन बाटल्या शेजारी शेजारी उघडल्या की फरक जाणवायला लागतात, आणि फरक जाणवल्याशिवाय चव कळत नाही, हे आता माझं ठाम मत आहे.

नोंदणीचा अर्ज सोपा होता. पांढरी, लाल की मिश्र? गोडवा कितपत चालेल? जन्मतारीख? मी मिश्र निवडलं आणि गोडव्याची पट्टी मधोमध ठेवली. अडचण आली ती बाटल्या घरी येताना. अमेरिकेत एका राज्यातली वाइन दुसऱ्या राज्यातल्या माणसाच्या दारात पोचवणं हा कायद्याचा मोठा गुंता आहे. १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा दारूचे नियम करायचा अधिकार राज्यांकडे गेला आणि प्रत्येकानं आपापली कुंपणं घातली. आपल्या राज्यातल्या वायनरीला घरपोच विक्रीची मुभा द्यायची आणि बाहेरच्या वायनरीला अडवायचं, हे चालणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली दिला. त्या खटल्यात मिशिगनबरोबर खुद्द न्यूयॉर्क राज्यच आरोपीच्या पिंजऱ्यात होतं. न्यू जर्सीनं बाहेरच्या वायनऱ्यांना वाट करून दिली ती २०१२ मध्ये. तरीही खोकं दारात ठेवून जाता येत नाही. एकवीस वर्षांवरच्या माणसानं समोर येऊन सही करावी लागते. आम्ही दोघंही दिवसभर कामावर. कुरियरवाला चिठ्ठ्या चिकटवून परत जायचा आणि पहिलं खोकं तर थेट उलट्या पावली वायनरीकडे गेलं. तेव्हापासून मी पत्ता जवळच्या पिकअप दुकानाचा देतो. नव्या माणसाला माझा पहिला सल्ला हाच.

दुसऱ्या खेपेला आलेल्या त्या खोक्यात तिन्ही रीझलिंग या पांढऱ्या द्राक्षाच्या होत्या, तिन्ही कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या, तीन वेगवेगळ्या बागांतल्या. सोबत एका पानाचं पत्रक. पहिला घोट घेतल्यावर जबड्याच्या मागे कळ आली आणि तोंडाला पाणी सुटलं, कैरीची फोड नुसती बघितली तरी सुटतं तसं. बायको म्हणाली, "अहो, ही उतरलीय का?" उतरली नव्हती. पत्रकात साखर आणि आम्ल दोन्हीचे आकडे छापले होते, आणि आम्लाचा आकडा अभिमानानं छापावा तसा वर, ठळक अक्षरात. निफाडला हा आकडा कुणी विचारतही नाही.

मग मी वाचायला लागलो. फिंगर लेक्स म्हणजे अकरा लांबट, अरुंद तलाव, दक्षिणोत्तर पसरलेले. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड लाद्या सरकत आल्या आणि त्यांनी जुन्या दऱ्या खरवडून खोल केल्या, त्यात पाणी साठलं. वाइनच्या दृष्टीनं महत्त्वाचे म्हणजे क्यूका, सेनेका, कायुगा आणि थोडाफार कॅनंडाग्वा. सेनेका आणि कायुगा ही तिथल्या मूळ रहिवासी लोकांची नावं. सेनेका तलाव ६१८ फूट खोल आहे, म्हणजे त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली जातो. एवढं पाणी कडाक्याच्या हिवाळ्यातही सहसा गोठत नाही. उन्हाळ्यात साठवलेली ऊब ते थंडीभर हळूहळू सोडत राहतं आणि काठाच्या उतारावरचे वेल वाचतात. वसंतात उलटा खेळ होतो. पाणी अजून गार असतं, त्यामुळे काठावर वेलांचे डोळे उशिरा फुटतात आणि उशिरानं पडणाऱ्या दहिवरातून, म्हणजे गोठलेल्या दवातून, कोवळी फूट बऱ्याचदा सुटते.

हे वाचताना मला डिसेंबरातली निफाडची पहाट आठवणं साहजिक होतं. पारा दोन-चार अंशांवर आला की मणी तडकतात, म्हणून आमच्याकडे बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबक सोडतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. तत्त्व एकच. फक्त आमच्याकडे ती चार-आठ रात्रींची झुंज, आणि तिकडे उणे वीसच्या आसपासच्या थंडीत वेल जगवायचा. रीझलिंगचा वेल साधारण तिथपर्यंत तग धरतो, त्याखाली डोळे मरायला लागतात.

या थंडीमुळेच तिथे युरोपीय जातीची द्राक्षं येणार नाहीत असं कित्येक वर्षं सगळे धरून चालले होते. हॅमंड्सपोर्टला १८६० पासून वायनरी होती, पण द्राक्षं कॅटॉबा, काँकॉर्ड अशी अमेरिकी रक्ताची. नंतर फ्रेंच संकरित वाण आले. हा समज मोडला तो कॉन्स्टंटिन फ्रँक या हट्टी माणसानं. युक्रेनमध्ये द्राक्षशास्त्रात डॉक्टरेट केलेला हा जर्मन वंशाचा गृहस्थ १९५१ साली पन्नाशी ओलांडून अमेरिकेत आला. इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. न्यूयॉर्क राज्यातल्याच जिनिव्हा गावातल्या संशोधन केंद्रात त्याला खुरपणीसारखं हलकं काम मिळालं. आमच्या गावात याहून कडक थंडीत युरोपीय द्राक्षं येतात, असं तो ज्याला त्याला सांगायचा आणि लोक ऐकून सोडून द्यायचे. ऐकलं ते शार्ल फूर्निए या फ्रेंच वाइनकारानं, तो गोल्ड सील वायनरीचा प्रमुख होता. दोघांनी थंडी सोसणारे खुंट, म्हणजे कलमाखालची मुळं, शोधले, क्यूबेकमधल्या एका मठाच्या बागेपर्यंत जाऊन आले, हजारो कलमं बांधली. १९६२ साली फ्रँकनं क्यूका तलावाच्या काठावर स्वतःची वायनरी काढली. पुढे १९७६ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपल्याच द्राक्षांची वाइन करून थेट विकणं सोपं झालं आणि तलावांच्या काठांवर लहान वायनऱ्या उभ्या राहिल्या. हर्मन वीमर हा जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातून आलेला कलमांचा जाणकार, त्यानं सेनेकाच्या पश्चिम काठावर रीझलिंग वाढवली.

खुंटाचं महत्त्व मला कुणी समजावायची गरज नव्हती. पाणी आटल्यावर आणि जमिनी खारवल्यावर आमच्याकडे सगळी बाग डॉगरिज या खुंटावर आली, ती लहानपणी डोळ्यांसमोर. चाकूनं पाचर मारून कलम बांधणाऱ्या मजुरांच्या टोळ्या येत. पण खुंट थंडीसाठीही निवडतात हे नवं होतं.

तीन-चार महिन्यांत त्या आंबटपणाची सवय झाली असं म्हणणं खोटं ठरेल. सवय झाली नाही, त्याची अपेक्षा वाटायला लागली. द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. पहिलं आपल्या चिंचेतलं, दुसरं हिरव्या सफरचंदातलं. मणी पिकताना वेल मॅलिक आम्ल श्वसनात वापरून टाकतो आणि हवा जितकी गरम तितकं ते वेगानं संपतं. नाशिकला फेब्रुवारी-मार्चचं ऊन ते भराभर खाऊन टाकतं, साखर चढते, आम्ल उतरतं. फिंगर लेक्सला सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गार रात्रींमुळे साखर सावकाश चढते आणि आम्ल जागेवर राहतं. म्हणून ज्या बाटलीत थोडी साखर मुद्दाम ठेवलेली असते तीही गोडमिट्ट लागत नाही. बऱ्याच रीझलिंगच्या मागच्या लेबलावर कोरडी ते गोड अशी एक पट्टी असते. ती पट्टी नुसती साखर मोजत नाही, साखर आणि आम्ल यांचं प्रमाण बघते. साखर तेवढीच असलेल्या दोन बाटल्या पट्टीवर वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात त्या यामुळे.

हे कळल्यावर मी क्लबच्या खात्यावर जाऊन माझी पट्टी मधोमधून जराशी गोडाकडे सरकवली, आणि कारण होतं जेवण. काळ्या मसाल्याचं मटण, शेवभाजी, झणझणीत मिसळ यांच्यासोबत अल्कोहोल जास्त असलेली वाइन तिखट दुपटीनं भडकवते. फिंगर लेक्सची अर्धगोड रीझलिंग अकरा-बारा टक्क्यांच्या आत असते, साखर तिखटाला थोपवते आणि आम्ल तेलाचा तवंग जिभेवरून उतरवतं. कोथिंबीर वडीबरोबर मात्र कोरडीच. आमच्याकडे गणपतीनंतरच्या शनिवारी जमलेल्या मंडळींत ज्यांना वाइन म्हणजे लालच माहीत होती, त्यांनी सुरमईच्या तुकडीबरोबर हीच संपवली.

एका बाटलीच्या तळाशी साखरेसारखे खडे निघाले. एक मित्र ती ओतून द्यायला निघाला होता. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, थंडीत बसतात, खाल्ले तरी काही होत नाही. दुसऱ्या एका जुन्या रीझलिंगला चक्क रॉकेलचा वास आला. तो दोष नाही म्हणतात, रीझलिंग मुरली की बऱ्याचदा असा वास धरते. ज्यानं घासलेटच्या रांगेत डबा धरून तास काढलेत त्याला तो वास सुगंध वाटणं कठीण आहे, पुस्तकं काहीही म्हणोत.

नाना, म्हणजे माझे वडील, सप्टेंबरात आमच्याकडे आले होते. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे वाइनला हात लावायचा प्रश्नच नाही. पण खोक्यातलं पत्रक त्यांनी माझ्याकडून ओळ न् ओळ मराठीत करून घेतलं आणि म्हणाले, "बाग दाखव." मग एका शनिवारी पाच तास गाडी चालवून सेनेकाच्या काठी गेलो. क्लबच्या सदस्यांना तोडणीच्या दिवसांत बाग बघू देतात.

तलाव बघून त्यांना फार काही वाटलं नाही, गंगापूर धरण बघितलेल्या माणसाला पाण्याचं काय कौतुक. पण पहिल्या ओळीपाशी ते थबकले. एक घड तळव्यावर घेतला.

"इतका बारीक मणी? हे लोक जीए मारीत नाहीत का?"

मी बागायतदाराला विचारलं. मणी फुगवणाऱ्या जिब्रेलिक आम्लाचं नाव ऐकून तो हसला. त्याला मोठा मणी नकोच होता. रंग, वास, चव सगळी सालीत आणि सालीलगत, मणी लहान तर रसाच्या मानानं साल जास्त.

"विरळणी पण नाही. बघ कसा घट्ट घड आहे. पाऊस पडला की आत कूज धरणार."

हे त्यानं लगेच मान्य केलं. रीझलिंगचा घड दाट, घडकूज ही त्याची दरवर्षीची डोकेदुखी. पण हवा कोरडी झाली तर त्याच बुरशीनं मणी आटतात आणि त्यातून गोड, महागडी वाइन होते, असंही सांगितलं. नानांचा यावर विश्वास बसला नाही. कुजलेला माल जास्त भावानं विकणारा शेतकरी त्यांनी आजवर बघितला नव्हता.

मणी तोंडात टाकल्यावर त्यांनी डोळे बारीक केले. "साखर हाये याच्यात. आपल्यापेक्षा जास्तच असंल." आणि जरा थांबून, "पण आंबट सोडीना." अगदी बरोबर. रिफ्रॅक्टोमीटर वीस ब्रिक्सवर गेला होता आणि तरी आम्ल आमच्या निर्यातीच्या मालापेक्षा कितीतरी वर.

त्यांना सर्वांत जास्त रस वाटला तो हिवाळ्याच्या तयारीत. नोव्हेंबरात नांगरानं माती ओढून कलमाचा सांधा झाकायचा, वसंतात पुन्हा मोकळा करायचा. एकाच वेलाला दोन-तीन खोडं वाढवायची, म्हणजे थंडीनं एक फुटलं तरी दुसऱ्यावर वेल उभा राहतो. छाटणीआधी काड्या आणून ब्लेडनं डोळे कापून बघायचे, आत हिरवं की तपकिरी. निम्मे मेलेले दिसले तर छाटणीत दुप्पट डोळे राखायचे. नानांनी मान डोलावली. ऑक्टोबर छाटणीआधी आम्हीही काड्या प्रयोगशाळेत नेतो, डोळ्यात घड धरला आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. त्या बागायतदाराला हे कळल्यावर दोघांचं असं काही जमलं की मला दुभाषी म्हणून उसंत मिळेना. वर्षात दोनदा छाटणी हे मात्र त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. वेल झोपतच नाही तर आमच्याकडे दुसरा इलाज काय?

दहिवराचा विषय निघाला तेव्हा तो २०२३ च्या मे महिन्याबद्दल बोलला. अठरा मेच्या पहाटे पारा शून्याखाली गेला, तोवर फूट बोटभर झालेली. तलावाच्या काठापासून दूर, वर पठारावर असलेल्या बागा सर्वांत जास्त भाजल्या. त्या वर्षीची बाटली आम्हाला पुढे एका खोक्यात आली, पत्रकात माल कमी निघाल्याचं एका ओळीत लिहिलं होतं. नानांनी ती रिकामी झाल्यावर धुऊन ठेवायला सांगितली होती. गारपिटीत आख्खी बाग गेलेली त्यांनी बघितली आहे.

सेनेकाच्या आग्नेय काठाला तिथे गमतीनं 'बनाना बेल्ट' म्हणतात, कारण तो त्यातल्या त्यात उबदार. जळगावच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. या पट्ट्यातल्या लाल वाइन बऱ्या निघतात. लालबद्दल माझं मत जरा कडक आहे. कॅबर्ने फ्रँक हे तिथलं मुख्य लाल द्राक्ष. ऊन कमी पडलं तर त्याला ढोबळी मिरचीचा वास येतो, आणि थंड वर्षी तो बाकी सगळं झाकून टाकतो. चांगल्या वर्षीची कॅबर्ने फ्रँक पीठ पेरलेल्या ढोबळीबरोबर झकास लागते, एवढं श्रेय देईन. ब्लाउफ्रॅंकिश, ज्याला तिथे लेम्बर्गर म्हणतात, ती जास्त भरवशाची. साप्परावी हे कॉकेशसमधल्या जॉर्जिया देशाचं द्राक्ष मात्र मला आवडलं, त्याचा गरही लाल असतो, पेल्यातला रंग जांभळाच्या रसासारखा गडद. फ्रँकनं लावलेलं रकात्सितेली हेही जॉर्जियाचंच, पांढरं. ते एकदा आलं आणि पुन्हा कधी आलंच नाही, ही माझी क्लबकडे कायमची तक्रार.

ऑगस्टचं खोकं संकरित वाणांचं होतं. त्यातली कायुगा व्हाइट जिनिव्हाच्या केंद्रानं १९७२ मध्ये प्रसारित केलेली. वाइनचे जाणकार संकरिताला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. फवारण्या कमी, थंडीत टिकतं, स्वस्त पडतं, आणि उन्हाळ्यात गार करून प्यायला साधी, हलकी वाइन. त्याच महिन्यात काँकॉर्डच्या रसाची छोटी बाटली भेट आली होती. बूच काढलं आणि थेट बेंगलोर ब्लूचा वास. तेही अमेरिकी रक्ताचंच द्राक्ष, म्हणजे नातं दूरचं असलं तरी खरं. मुलांनी ती पाण्यात घालून सरबत केलं.

डिसेंबरात अर्धी बाटली आइस वाइन आली, ३७५ मिलीलीटरची. द्राक्षं वेलावरच गोठू द्यायची आणि गोठलेलीच दाबायची, पाणी बर्फ होऊन मागे राहतं, दाट रस तेवढा बाहेर येतो. तोडून शीतगृहात गोठवलेल्या मालाला अमेरिकेत लेबलावर आइस वाइन लिहिता येत नाही. किंमत भरपूर, कारण तोवर पक्षी, पाऊस आणि कूज यांतून जे उरेल तेवढंच पदरात. पुरणपोळीबरोबर दिली तर दोन गोडांची मारामारी होते. खारवलेले काजू आणि जुनं चीज जास्त शोभलं.

आता हिशेब. तीन बाटल्या, वाहतूक धरून, दुकानातून घेतल्या असत्या त्यापेक्षा महाग पडतात. पण न्यू जर्सीच्या दुकानांत फिंगर लेक्सच्या दोन-चारच वाइन ठेवतात, आणि त्याही मोठ्या वायनऱ्यांच्या. लहान बागांची वाइन हवी तर क्लब हाच मार्ग. जुलै-ऑगस्टात माल पाठवू नका असं सांगायची सोय असते, ती वापरावी, कारण गाडीत तापलेली वाइन शिजते आणि तिची तक्रार सिद्ध करता येत नाही. जानेवारीतही जपावं लागतं. पारा फार उतरला की वाइन गोठून फुगते आणि बूच वर सरकतं. मी गेल्या वर्षापासून मिश्र सोडून फक्त पांढरी घेतो आणि एक आड एक महिना घेतो. क्लबला एक विनंती लिहून पाठवली आहे, की एकाच बागेची रीझलिंग लागोपाठच्या दोन वर्षांची एकाच खोक्यात द्या. मार्चमध्ये तसं जमवू, असं उत्तर आलं आहे. तोवर निफाडला आमची तोडणी संपलेली असेल आणि नानांना फोनवर दोन्ही वर्षांचे आम्लाचे आकडे विचारायला सवड मिळेल.